दम मोजणारे काकाजी

पांढुर्ण्याला भाड्यानं खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, आडनावही विचारलं नाही. मला फार बरं वाटलं, कारण त्याआधीच्या दोन घरांत आडनाव सांगितल्याबरोबर खोली अचानक पुतण्यासाठी राखून ठेवलेली निघाली होती. यांनी फक्त माझा मोबाइल मागितला. उलटसुलट करून पाहिला आणि याची बॅटरी किती, असं विचारलं. पाच हजार, मी म्हणाले. पाच हजार काय? आता काय ते मला कुठं ठाऊक. डब्यावर पाच हजार लिहिलं होतं, दुकानदार पाच हजार म्हणाला होता, मीही सगळ्यांना तेच सांगत आले होते. "पाच हजार मिली-अँपिअर-घंटा," ते एकेक शब्द सुटा करून म्हणाले, माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि खोलीची किल्ली दिली. मोबाइल मात्र दुसऱ्या दिवशी दिला, पूर्ण बंद पडलेला. चार हजार सहाशे निघाले, चांगला आहे, असं त्यांनी अभिनंदन केल्यासारखं सांगितलं. त्या दिवशी नव्या ऑफिसातली माझी पहिली हजेरी होती आणि साहेब सकाळपासून मला फोन लावत होते.

जिल्हा नुकताच झाला होता. ऑफिसवर पाटी होती, आत खुर्च्या यायच्या होत्या. मी लोधीखेड्याची, रोज तिथून येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून ही वरची खोली घेतली. खाली घरमालक आणि त्यांची बायको. सगळी गल्ली त्यांना काकाजी आणि काकू म्हणायची, मीही म्हणू लागले.

काकाजी रेल्वेत होते. गाड्या कोणी चालवल्या, झेंड्या कोणी दाखवल्या, काकाजींनी मात्र सगळी नोकरी आमल्यापासून काटोलपर्यंतच्या स्टेशनांमागच्या खोल्यांत सिग्नलच्या बॅटऱ्यांना पाणी पाजण्यात काढली. रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात. यांनी गळ्यात मीटर अडकवला, तो आंघोळीपुरताच निघायचा. बाजारात कोणी 'दीडशे अँपिअरची बॅटरी द्या' असं म्हणताना कानावर आलं की ते दुकानाच्या पायरीवर थांबून त्या अनोळखी गिऱ्हाइकाला दुरुस्त करायचे. दीडशे अँपिअर-घंटा म्हणा. नुसते दीडशे अँपिअर घरात सोडले तर तारा पेटतील. एका दुकानदारानं त्यांना खुर्ची देणं बंद केलं. दुसरा त्यांना येताना पाहून शटर अर्धं ओढून घ्यायचा.

मला त्यांनी हे सगळं पहिल्याच आठवड्यात शिकवून टाकलं, मी भाकरी थापत असताना, दाराबाहेर उभं राहून.

"व्होल्ट म्हंजे तोरा. अँपिअर म्हंजे कामाचा वेग. अँपिअर-घंटा म्हंजे दम. आन् तोऱ्याले दमानं गुणलं का वॅट-घंटा, म्हंजे पुरा माणूस. दुकानदार तुले तोरा दाखवते, दम कोणी दाखवत नाई."

माणसांनाही त्यांचं हेच माप होतं. माझे साहेब एकदा गाडीतून मला गल्लीच्या तोंडाशी सोडायला आले. काकाजी त्यांच्याशी दोन मिनिटं बोलले आणि घरात येऊन निकाल दिला: तोरा चोवीस व्होल्टचा, दम घड्याळाच्या सेलाएवढा. पुढच्या दोन वर्षांत त्यात मला काहीच बदल करावा लागला नाही.

आता त्यांच्या शास्त्रात एक अडचण होती, आणि खरं सांगायचं तर ती त्यांची नव्हती, शास्त्राचीच होती. तोरा मीटर लावला की लगेच कळतो. दम तसा कळत नाही. बॅटरीत नक्की किती आहे हे समजायचं तर ती पूर्ण रिकामी करावी लागते आणि रिकामी व्हायला किती वेळ लागला ते घड्याळावर पाहावं लागतं. काकाजींचा छापील लेबलवर काडीचा विश्वास नव्हता. त्यामुळे घरात आलेली प्रत्येक बॅटरी ते बल्ब लावून रिकामी करायचे, तिच्यावर खडूनं 'पास' लिहायचे आणि फळीवर ठेवून द्यायचे. घरात टॉर्च तीन होते, तिन्ही पास. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचार वाजता पास झालं होतं आणि तिथंच थांबलं होतं. लाइट गेली की गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी काही ना काही मिणमिणायचं, बॅटऱ्यांच्या तज्ज्ञाचं घर तेवढं ठार अंधारात. आणि त्या अंधारातून काकाजी रस्त्यानं जाणाऱ्याला विचारायचे, बॅटरी तपासून पाहिजे का म्हणून.

जावईसुद्धा त्यांनी असाच पारखला, असं काकू सांगायच्या. तेव्हा हे लोक सौसरला राहायचे. मुलगी पाहायला आलेल्या मुलाला चहा झाल्यावर काकाजी 'चाल, इकडचा भाग दाखवतो' म्हणून घेऊन गेले आणि सौसरहून लोधीखेड्यापर्यंत पायी नेऊन भर उन्हाचं पायीच परत आणलं. मुलगा ओसरीवरच्या सतरंजीवर आडवा झाला तो देण्याघेण्याची सगळी बोलणी आटपेपर्यंत उठला नाही. काकाजी म्हणाले, पास. मुलीचा संसार पुण्याला उत्तम चालला आहे. फक्त जावई कधी आला आणि सासऱ्यानं 'चला फिरून येऊ' म्हटलं की त्याचा गुडघा धरतो.

"मलेबी खाली करून पाह्यलं असतं यायनं," काकू म्हणायच्या. "चाळीस वर्ष मी वायरच लावू देली नाई."

एवढं बोलून त्या थांबायच्या, कारण एवढ्यानंच त्यांना धाप लागायची. काकूंनी तरुणपणी बरीच वर्षं जिनिंगमध्ये काम केलं होतं, घरी येऊन चूल फुंकली होती. कापसाच्या धुळीनं की धुरानं असं विचारल्यावर नागपूरचे डॉक्टर म्हणाले, दोन्हींनी. माझ्या तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात त्या पंधरा दिवस दवाखान्यात राहून आल्या, ते ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं, पाण्याच्या मोठ्या कॅनएवढं मशीन. ते लाइटवर चालायचं. लाइट गेली की काकूंचे ओठ पंधरा मिनिटांत निळसर व्हायला लागत. एक छोटा सिलिंडर होता, तो कसाबसा अर्धा तास पुरायचा. आणि दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती. त्यांनी आल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, की मागच्या खेपेला चार जणांनी या दारातून उचलून नेलं. आता उचलाल तर एकदाच उचला.

त्या दिवसापासून त्या घरात एकच प्रश्न उरला. लाइट गेली तर काकूंचा श्वास किती वेळ चालेल?

इथं शेजारच्या गुणवंतभाऊंबद्दल सांगायला पाहिजे. आमच्या गल्लीत अर्धी घरं शेतीवाल्यांची, कपाशी आणि संत्रा. घरटी एक पाठीवरचा फवारणी पंप, आणि त्यात विटेएवढी बारा व्होल्टची बॅटरी. त्या बॅटरीवर आठ अँपिअर-घंटा असं छापलेलं असतं, पण शेतात ते वाचायला कोण जातं. तिथलं माप टाकी. एकदा चार्ज केल्यावर फवाऱ्याच्या जेवढ्या टाक्या रिकाम्या होतील, तेवढ्या टाक्यांची बॅटरी. गुणवंतभाऊंची चौदा टाक्यांची होती, आणि हे त्यांनी चौकात सांगितलं नाही असा दिवस जात नसे. दुसरा कोणी बारा म्हणायचा, तिसरा एकदम पंधरावर जायचा. काकाजींना या मापाचा भयंकर राग. टाकी हे माप जगातल्या कोणत्याच पुस्तकात नाही, असं ते ओरडून सांगायचे. नोझल किती उघडलं, कपाशी किती वाढली, फवारणारा कामाला कसा, यावर टाकी बदलते. गुणवंतभाऊ शांतपणे म्हणायचे, की पुस्तकावर इल्ली, म्हणजे अळी, पडत नाही, कपाशीवर पडते.

याच गुणवंतभाऊंनी एकदा नागपूरहून पॉवर बँक आणली आणि तिच्यावर चालवायचा म्हणून घरचा पंखा घेऊन काकाजींकडे आले. इन्व्हर्टरची बॅटरी नुसती दीडशे, आपली वीस हजार, असा त्यांचा सरळ हिशेब. काकाजींनी त्यांना दोन दिवस मिली म्हणजे हजारावा भाग हे समजावलं, मग तोराही पाऊण हिश्शानं कमी आहे हे समजावलं, शेवटी थकून म्हणाले, तुझ्याजवळ वीस हजार मुंग्या आहेत, त्याच्याजवळ दीडशे बैल. गुणवंतभाऊंनी विचार केला आणि मुंग्याही लय काम करतात, एवढं बोलून पंखा घरी नेला.

काकू घरी आल्यावर काकाजींनी इन्व्हर्टर आणि दीडशे अँपिअर-घंट्यांची नवी बॅटरी आणली. बॅटरी भरून झाली, सगळं जोडून झालं. आता कोणीही शहाणा माणूस स्वस्थ बसला असता. काकाजी तिच्याभोवती दोन दिवस घुटमळले. काकूंनी ओळखलं आणि म्हणाल्या, तिले हात लावू नका. मी जिन्यात होते, काकाजींचं उत्तर मी स्वतः ऐकलं.

"तुह्या जिवाची गोष्ट हाय. ते मी लेबलवर सोडू?"

लेबलवरचा आकडा वीस तासांच्या हिशेबानं छापलेला असतो, म्हणून तपासणीही वीस तासांची. त्यांनी ओसरीवर गाडीच्या हेडलाइटचे दोन जुने बल्ब लावले. दुपारी बाराला पेटवले, मी ऑफिसातून आले तेव्हा जळत होते, सकाळी उठले तेव्हाही जळत होते. काकाजी मधूनमधून स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी घेत आणि दर पंधरा मिनिटांनी मीटर लावत. सकाळी आठच्या आधी बल्ब लालसर झाले. मीटर साडेदहा व्होल्टवर आला. काकाजींनी तार सोडवली आणि आत जाऊन काकूंच्या हातावर साखर ठेवली. एकशे बेचाळीस निघाले होते. चार तास लाइट गेली तरी आता तुला काही होत नाही, म्हणाले. इतका आनंदी माणूस मी त्या गल्लीत पाहिला नव्हता. मग त्यांनी बॅटरी परत चार्जिंगला लावली. भरायला दुसरा दिवस उजाडला असता.

नऊ वाजता माझ्या मोबाइलवर ऑफिसच्या ग्रुपवर निरोप आला. लाइनच्या दुरुस्तीसाठी आज दहा ते दोन वीज बंद.

मी तो काकाजींना वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला लावला. मग मोबाइल घेऊन स्वतः वाचला, आणि ओसरीच्या पायरीवर बसले.

"मी खाली केली," ते म्हणाले.

मला इतका संताप आला की मी नको ते बोलले. तुमच्या या नादापायी एक दिवस काकू जातील, असंही बोलले. त्यांनी उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यांनी हिशेब सांगितला, धडा म्हणून दाखवणाऱ्या आवाजात. मशीन अडीचशे वॅटचं. इन्व्हर्टरची खोट धरून पंचवीस अँपिअर लागणार. चार तासांचे शंभर अँपिअर-घंटे. दहापर्यंत चार्जरनं पंधरा भरतील. बाकीचे पंच्याऐंशी कुठून आणायचे ते त्या हिशेबात नव्हतं, आणि छोटा सिलिंडर गेल्या आठवड्यातच संपला होता. मी वीज कंपनीत फोन लावला तर माणसं खांबावर चढायला निघाली होती.

तेवढ्यात गुणवंतभाऊ पाठीवर पंप घेऊन शेतात निघाले होते. चार दिवसांनी पावसानं उघडीप दिली होती, कपाशीवर अळी होती, आणि गल्लीतल्या प्रत्येकानं रात्रीच पंप चार्जिंगला लावून ठेवला होता. काकाजींना असं बसलेलं पाहून ते थांबले. काय झालं ते मी सांगितलं. गुणवंतभाऊंनी ऐकलं, पंप पाठीवरून उतरवून ओसरीवर ठेवला आणि घरोघर सांगायला परत फिरले. पावणेदहापर्यंत ओसरीवर सोळा पंप जमले. पंपांचे मालक अंगणात उभे होते.

काकाजी उठले. पंपांतल्या बॅटऱ्या काढून एकेकीला मीटर लावला. सगळ्या पावणेतेराच्या आसपास. तोरा सगळ्यांचा सारखाच होता. दमाचं काय? वीस तास सोडा, वीस मिनिटंही नव्हती. ते मीटर हातात धरून अंगणातल्या लोकांकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, ज्याची त्याची किती टाक्या मारते.

चौकात रोज याच प्रश्नाचं उत्तर न विचारता देणारी माणसं जमिनीकडे पाहत होती. शेवटी गुणवंतभाऊ घसा साफ करत म्हणाले, "खरी सांगू का?"

"खरीच सांग."

"आठ."

"चौदा म्हणे ना तू?"

"ते चौकातली होय."

मग बांध फुटला. बारावाला सातवर आला. पंधरावाला बराच वेळ मान खाजवून पाचावर आला आणि त्यातही शेवटची टाकी रडत रडत मारते, हेही त्यानं सांगून टाकलं. ज्या बाईनं बॅटरीबद्दल कधी तोंड उघडलं नव्हतं, तिची अकरा निघाली. काकाजींनी एकाही आकड्यावर वाद घातला नाही. बेरीज एकशे तीस टाक्या. टाकीला अंदाजानं अर्धा अँपिअर-घंटा धरला, म्हणजे पासष्ट. पंधरा आपले, ऐंशी. जगातल्या कोणत्याच पुस्तकात नसलेल्या मापानं त्यांनी बायकोचा श्वास मोजला आणि माझ्या कानात सांगितलं, पाऊण तास कमी पडते.

दहाला लाइट गेली. सोळा बॅटऱ्या तारांनी एकमेकींना बांधून इन्व्हर्टरला जोडल्या होत्या. मशीन चालू राहिलं. ओसरीपासून पलंगापर्यंत नुसत्या बॅटऱ्या आणि तारा, मधे काकू, नाकात नळी. काकूंनी मान वळवून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, की आता माझ्यावर औषध फवारता की काय.

गुणवंतभाऊ मोटरसायकल घेऊन शेतांकडे गेले. पहाटेच फवारणीला गेलेली माणसं साडेअकरानंतर एकेक करून यायला लागली, पाठीवर ओले पंप घेऊन. कोणी तीन टाक्या मारल्या होत्या, कोणी मोजल्याच नव्हत्या. एकाला तर काल चार्जिंगला लावला होता की परवा, हेच आठवेना. त्या नऊ बॅटऱ्यांत किती उरलं होतं, हे त्यांच्या मालकांनाही ठाऊक नव्हतं. काकाजींनी त्याही जोडल्या. जोडताना त्यांच्या ओठांवर आकडे यायचे आणि थांबायचे. आता हिशेब करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

एक वाजला, दीड वाजला. दोन वाजले, लाइट आली नाही. काकाजी काकूंच्या उशाशी स्टुलावर बसले होते. मीटर त्यांनी गळ्यातून काढून माझ्या हातात दिला होता. अंगणातली माणसं बिडी पेटवायचीही विसरली होती. मशीनचा घर्र घर्र आवाज चालू होता आणि मला भीती वाटत होती की तो आत्ता थांबेल. पंचवीस बॅटऱ्यांच्या मधे तो माणूस हात मांडीवर ठेवून बसलेला, हे मला बघवेना.

काकू म्हणाल्या, "मीटर काऊन नाई लावून राहिले?"

"लावलं तं कळन ना," काकाजी म्हणाले.

दोन पंचवीसला पंखा फिरायला लागला. अंगणात माणसांनी आपापल्या बॅटऱ्या ओळखून पंपांत बसवल्या, अदलाबदल झाली म्हणून दोघांची थोडी बाचाबाचीही झाली. त्या दिवशीची फवारणी बुडाली होती, ती कोणी बोलून दाखवली नाही. गुणवंतभाऊंनी जाताना विचारलं, माझ्यात किती उरली असेल. काकाजींनी मान हलवली. नाही मोजली, म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकले.

पुढच्या महिन्यात काकूंना नागपूरला तपासणीला न्यायचं होतं. मुक्काम करायचा नाही या अटीवर त्या तयार झाल्या, नागपूरहून मागवलेला मोठा सिलिंडर गाडीत ठेवला आणि मीही सुट्टी काढून सोबत गेले. तिथं फुफ्फुसांची एक तपासणी असते. तोंडात नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि सगळाच्या सगळा फुंकून टाकायचा. काकूंनी फुंकलं. मशीनवरचा माणूस सांगत होता, "और अम्मा, और, पूरा खाली करो, थोड़ा और." काकूंचे डोळे बाहेर आले, हातानं त्यांनी खुर्ची धरली. तो म्हणाला, बरोबर आलं नाही, अजून दोनदा करावं लागेल, तेव्हा कळेल किती उरलं आहे ते.

काकाजी उठले आणि त्यांनी काकूंच्या तोंडातली नळी स्वतःच्या हातानं काढली.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिले खाली करून नाई पाह्यचं."

तो माणूस वैतागला. आकड्याशिवाय डॉक्टर काय करणार, असं त्यानं विचारलं, आणि त्याचंही चूक नव्हतं. काकाजींनी त्याच्याशी वाद घातला नाही. काकूंची धाप कमी होईपर्यंत ते त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्या माणसानं शेवटी कागदावरचा तो रकाना कोरा सोडला. काकू त्यानंतर एक पोळा आणि दोन संक्रांती पाहून गेल्या, आपल्याच पलंगावर, आणि किती दिवस उरले आहेत हे त्या घरात शेवटपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.